तळमजल्यावरचा आपत्ती व्यवस्थापक

मी गंगाधर परब. बँकेतून रिटायर झाल्यावर लालबागच्या आमच्या चाळीत मला कोणी विचारेना, म्हणून आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलं. शिट्टी मिळाली, नारिंगी जॅकेट मिळालं आणि उतरंड पाठ झाली. शास्त्रज्ञ आभाळ बघणार, सरकार धोरण ठरवणार, पालिका पंप लावणार आणि सगळ्यांत खाली चाळीचा स्वयंसेवक, म्हणजे मी. जॅकेट घालून मी दूध आणायलाही जायचो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझी बायको वासंती म्हणायची.

गणपतीतल्या एका दुपारी अतिवृष्टीचा लाल इशारा आला. भरतीही तेव्हाच होती. मंडळाच्या मांडवाला लागून तळमजल्यावर सुभद्राकाकी एकटीच राहते. तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. तिला वर हलवायला हवं, हे मला कळत होतं. पण वरून आदेश आल्याशिवाय हलायचं कसं? मी मांडवात खुर्ची टाकून फोनकडे बघत बसलो. पाणी घोट्यापर्यंत आलं, तेव्हा मी पाय वर घेतले.

शेवटी वॉर्डाच्या कंट्रोल रूममधून एका मॅडमचा फोन आला. "पाणी किती आहे तुमच्याकडे? कधीपासून तुमच्या रिपोर्टची वाट बघतोय."

रिपोर्ट मी द्यायचा होता. प्रशिक्षणात हे सांगितलं, तेव्हा मी जॅकेटचं माप बदलून घ्यायला गेलो असणार.

मी ताडकन उठलो. शिट्टी फुंकली, ती पावसात कोणाला ऐकू जाईना. मग मी आरतीची घंटा बडवली. अख्खी चाळ धावत खाली आली, वासंती तर निरांजन पेटवून. ज्या पाण्यातून माणसं वर न्यायची, त्यातच मी सगळ्यांना उतरवलं होतं.

पण आलेली माणसं कामाला आली. शेजारच्या धनेशने तिघांना घेऊन काकीला खुर्चीसकट उचललं. मीही हात लावला आणि कमरेत अशी उसण भरली की दुसऱ्या खेपेला त्याच खुर्चीतून मला न्यावं लागलं. जाताना काकीच्या दारातून आत पाहिलं, तर तिची गादी पाण्यावर तरंगत होती. मला रडू आलं. कंबर दुखतेय, असं सांगून वेळ मारून नेली.

आमच्या घरी काकी पलंगावर आणि मी खाली चटईवर. मॅडमनी पुन्हा फोन करून विचारलं, किती जणांना वर हलवलं? मी म्हटलं, एक.

"दोन सांग," काकी म्हणाली. "तुका कोणी आणल्यान मगे?"

मी मॅडमना दोन लिहून घ्यायला सांगितलं.