वळणावर न मारलेली हाक

आखातात, मुसफ्फात मुलाच्या खोलीवर पेपर पसरून आम्ही दोघांनी अंबाडी निवडली. लक्ष्मीबरोबर केलेलं तेच शेवटचं काम.

मी चौथी शिकलेला माणूस, इथं वेल्डिंगमध्ये जन्म घातला. भूतबित कधी मानलं नाही... आजही मानत नाही. झालं ते लिहितो.

मी किनवटकडचा, लक्ष्मी आदिलाबादकडची, तेलुगू. निजामाच्या वेळी दोन्ही गावं एकाच राज्यात होती म्हणे. पुढं सरकारनं भाषेवर वाटणी केली अन् माझी सासुरवाडी परराज्यात गेली. किनवटहून आदिलाबादची गाडी, पुढं बस, फाट्यावर उतरून चिंचेपासून चालत.

पानं खुडता खुडता ती म्हणाली, "अहो, बापाची हाडं घेऊन येताना भावानं दर वळणाला हाक मारली. 'बापू, पदा' — म्हणजे चल. आमच्यात असंच करतात. नाहीतर माणूस मागंच राहतं."

"मेलेल्याला रस्ता दाखवायचा? तू तर जित्तेपणी किनवटच्या बाजारात तीनदा हरवलीस."

"म्हणून तर सांगते."

चार दिवसांनी ती छातीत कळ येऊन गेली.

अस्थी मांडीवर घेऊन स्मशानातून मुलाच्या गाडीत निघालो. पहिलं वळण आलं, तोंड उघडलं... पुढच्या सीटवर मुलाचा साहेब फोनवर इंग्रजी बोलत होता. लाज वाटली. घरापर्यंत एकाही वळणाला हाक मारली नाही.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतला नरसय्या आला. कंपनीची बस चालवतो, निजामाबादकडचा. त्याच दुपारी सुट्टीवरून येऊन थेट ड्युटीवर गेला होता. हातात लक्ष्मीसाठी आणलेलं लोणचं.

"बाबा, अम्माला उधर अकेली कायको बसवलं? स्मशानाच्या वळणावर, बसस्टॉपला. मी बस थांबवली, बोललो चला. बोलली, नको, ते हाक मारतील."

मी विचारलं, "साडी कोणती?"

"हिरवी. नवीन."

तीच नेसवून तिला अग्नी दिला होता. पेटीतनं मीच काढली होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, दुसरी कोणी बाई असेल." असेल. पण हाकेचं बोलणं आम्हा दोघांतलं, तिसऱ्या कानाला ठाऊक नाही. नरसय्याला ती गेल्याचं सांगितलं तेव्हा तो लोणच्याची बरणी घेऊन तिथंच खाली बसला. त्यानं काय बघितलं, मला आजवर कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घेऊन नरसय्याच्या बसनं त्या स्टॉपवर गेलो. बाकावर कुणी नव्हतं. तरी म्हणालो, "लक्ष्मी, पदा. चुकलं माझं."

परतताना बस कामगारांनी भरलेली. दर वळणाला नरसय्या गाडी हळू करायचा, मी मोठ्यानं हाक मारायचो. कुणी हसलं नाही. खोलीशी आल्यावर शेवटची हाक मारली, दार उघडं धरून थोडा वेळ बाजूला उभा राहिलो, मग लावलं.