अर्धी काच

आमच्या थोरल्या साडूंइतकं वाफेवर प्रेम करणारा माणूस इडलीवाल्यांतसुद्धा सापडायचा नाही. मुलुंडच्या ज्या कारखान्यात त्यांची उभी नोकरी झाली, तिथे भट्टीपासून गोदामापर्यंत माल ओढणारं वाफेचं एक छोटं इंजिन होतं. रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे, इंजिन टेम्पोएवढं. कारखाना बंद पडला, जागेवर टॉवर उभे राहिले आणि बिल्डरने ते इंजिन ऐंशी पावलं रुळांसकट बागेत शोभेला ठेवलं. शोभेचं इंजिन ही कल्पनाच साडूंना सहन होईना. निवृत्तीनंतरची सहा वर्षं घालून त्यांनी ते चालतं केलं, बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबांकडून पास करून घेतलं, आणि तेव्हापासून दर खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली की ते इंजिन पेटवून बागेत फिरवतात.

या उद्योगाला लागतात जुने बनियन. पितळ पुसायला सुती बनियनसारखं दुसरं काही नाही, हे त्यांचं मत दिंडोशीपासून मढपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. माझा एक बऱ्यापैकी नवा बनियन त्यांनी दोरीवरून काढून नेला आणि वर "विणकाम चांगलं आहे हो" अशी पावतीही दिली. आमच्या घरी आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन कुकरची शिट्टी ऐकतात आणि "वाफ ओली आहे" म्हणून मान हलवतात. डॉक्टरांनी रक्तदाब एकशे साठ सांगितला, तर म्हणाले, "आमचं इंजिन तेवढ्याच दाबावर पास आहे." इंजिन हळूहळू तापवावं लागतं म्हणून ते स्वतःही लग्नाला मुहूर्ताच्या चार तास आधी पोचतात. तिथे मांडववाल्यांना गाद्या उचलू लागताना मी त्यांना पाहिलं आहे. माझी मेव्हणी शालूताई चाळीस वर्षं म्हणते आहे, "मला एक दिवस तरी एवढं पुसलं असतंत."

गेल्या वर्षी मात्र सोसायटीची नवी कमिटी आली. इंजिनात सिमेंट भरून चौथऱ्यावर बसवायचं, म्हणजे फोटो काढायला बरं, असं ठरत आलं होतं. सेक्रेटरींनी साडूंना शेवटची संधी दिली. "काका, या खंडेनवमीला नीट चालवून दाखवा. नाहीतर मग आमचं ऐका."

साडूंनी महिनाभर घासूनपुसून इंजिनाचा आरसा केला. याच सुमारास ते चहा बशीबाहेर ओतू लागले होते आणि आम्ही सगळे त्यांना हसत होतो. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

खंडेनवमीला झेंडूचे हार घातले, नारळ फुटला, वाफ धरली. मुलं रुळांच्या कडेला दाटीने उभी. निघण्याआधी साडू काचेशी वाकले. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी ती बोटभर जाडीची काचेची नळी. पाणी संपलं आणि खाली विस्तव राहिला, तर बॉयलर फुटतो. त्यांनी काच पुसली. मग चष्मा पुसला. पुन्हा वाकले आणि तसेच थांबले. त्यांच्या उस्तादांची शिकवण होती की काचेत पाणी दिसलं नाही तर विचार करत बसायचं नाही, विस्तव पाडायचा. साडूंनी सळई उचलली आणि सगळा विस्तव खाली रुळांमध्ये पाडला. इंजिन तसूभरही हललं नाही.

सेक्रेटरी धावत आले. "काका, काय केलंत? पाणी आहे की. अर्धी काच भरलीय."

"तुम्हाला दिसतंय," साडू म्हणाले. "चालवणार मी होतो."

शालूताईने काही न विचारता त्यांच्या हातातली सळई काढून घेतली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. सांगितलं तर इंजिन हातचं जाईल, म्हणून माणसाने वर्षभर लपवला होता. आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत आपल्याच हाताने इंजिन घालवायला तयार झाला.

आठवड्याने सेक्रेटरी साडूंच्या घरी आले. त्यांची मुलगी त्या दिवशी सगळ्यांत पुढे उभी होती. चहा अर्धा टाकून म्हणाले, "सिमेंटचं राहू दे. डोळे करून घ्या काका. आणि इंजिनावर दोन माणसं हवीत, एवढीच अट."

दुसरं माणूस म्हणून शालूताई उभी राहिली. चाळीस वर्षं तक्रार करता करता तिला सगळं येत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. यंदा इंजिन ऐंशी पावलं गेलं आणि ऐंशी पावलं परत आलं. डॉक्टर म्हणतात, नजर आता पोराची आहे. तरी साडू काचेकडे बघत नाहीत.

"पाणी किती गो?" ते विचारतात.

"अर्धी काच," ती सांगते, आणि मगच त्यांचा हात वाफ सोडायच्या दांड्यावर जातो.

दोघांची सत्तरी उलटली आहे. पुढे हे कोण करणार, मला ठाऊक नाही. मी आपला हल्ली जुने बनियन धुऊन, घडी करून ठेवतो.