तव्यावरचा चंद्र

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीत सकाळचं दूध मापून घेत होते. रांग संपवली, कॅन गाडीत चढवले, शटर ओढलं आणि मग रडले. खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं. दोन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या, कूस बदलायलाही माणूस लागायचं. सुटल्या एकदाच्या. असं लिहिल्याचा त्यांना राग आला नसता, उगाच गळा काढल्याचा आला असता. शेवटचं भेटले तेव्हाही स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, "मंगल, लेकरं वर बघत्यात का गं? का तवा कोरा म्हणून चंद्रबी इसरली?"

"बघतात की," मी म्हटलं. मला काही ठाऊक नव्हतं... पण त्या अवस्थेत दुसरं काय बोलणार?

तव्याचं सांगायला हवं. चकलांब्याच्या बाजूला आमचं गाव. दूध सोसायटीच्या मागच्या खोलीत बाईंची बालवाडी भरायची. घरचा चीर गेलेला लोखंडी तवा त्यांनी तिथं खिळ्याला टांगला होता. रोज सकाळी त्यावर खडूनं चंद्र काढायचा, आकाशात असेल तेवढाच. अवसेला तवा नुसता काळा. दिवाळी काळ्या तव्याची, होळी भरल्या तव्याची, हे चार वर्षांचं पोरही सांगायचं. यामागं कारण होतं. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जात, लेकरं आज्यांकडं राहत आणि रोज एकच विचारत, माय कधी येणार? कॅलेंडर त्यांना वाचता येत नव्हतं, चंद्र येत होता. बाई सांगायच्या, "होळीचा तवा भरंल, बांधावरचा पळस फुलंल, मग माय येईल." पळस दर साली फुलायचा, आया दर साली यायच्या. लेकरं निवांत होती.

मग तो दुष्काळ पडला. गुरं छावणीत गेली, दूध आटलं, सोसायटीत मला काम उरलं नाही, म्हणून मी दुपारी वर्गात जाऊन बसू लागले. तिकडं कारखान्याला ऊस पुरला नाही आणि पट्टा लवकर पडला, तोडणीचा हंगामच संपला. होळी लांब असतानाच एका दुपारी टोळीचा ट्रक वेशीत येऊन थांबला. सोनीची आई डोक्यावरचं बोचकं तसंच घेऊन थेट वर्गाच्या दारात आली. सोनीनं तिच्याकडं पाहिलं, तव्याकडं पाहिलं आणि बाईंच्या मागं जाऊन लपली.

"आगं सोने, मी हाय की! तुझी माय!"

"न्हाई. तवा अर्धाच हाय. तू आजून यायची न्हाईस."

आई आधी हसली. मग दारातच खाली बसली आणि तिचं तोंड वाकडं झालं. मी बाईंच्या कानाशी लागले, "भरून टाका की तवा. लेकरू आईजवळ जाईल."

"आन चंद्राला खोटं पाडू व्हय?" म्हणत त्यांनी सोनीला कडेवर घेतलं आणि अंगणात नेलं. भर दुपारी पूर्वेला अर्धा चंद्र फिकट दिसत होता. "ह्यो बघ. ह्यो त्याच्या नेमानंच चाललाय. तुझी माय नेम मोडून आली. माणसाला मोडता येतो, त्याला न्हाई येत."

सोनी बराच वेळ चंद्राकडं बघत राहिली. मग आईकडं बघितलं आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "आधी सांगायचं व्हतंस." आणि गेली तिच्या कुशीत.

सगळे हसलो, पण बाईंना ते लागलं. लेकरू आभाळ सोडून तव्याला चंद्र समजलं होतं. तेव्हापासून त्या मधूनच मुद्दाम चुकीचा चंद्र काढायच्या आणि कुणी हरकत घेतंय का, याची वाट बघत उभ्या राहायच्या.

दहावा झाल्यावर मी वर्गात गेले. दोन महिने मदतनीस खिचडी वाटत होती, गाणी म्हणून घेत होती. तव्याला कुणी हात लावला नव्हता. पुनव नुकतीच होऊन गेली एवढं माझ्या डोक्यात होतं. धावपळीत मी वर कुठं बघितलंय? खडू घेतला आणि काढला चांगला गरगरीत चंद्र.

एकच गलका झाला.

"काकू, चुकलं! त्यो झिजायलाय आता!"

"बाईवाणी काहून फसवता?"

एका ठेंगणीनं मला हाताला धरून दारात आणलं आणि पश्चिमेला बोट दाखवलं. सोसायटीच्या पत्र्यावर चंद्र होता, अर्ध्याहून थोडा मोठा. "येताना रोज बघतो आमी. काल ह्याच्यापरीस मोठा व्हता."

म्हणजे मी सुमनबाईंना खोटं सांगितलं नव्हतं.

आत जाऊन मी पदरानं तवा पुसला, खडू त्या ठेंगणीच्या हातात दिला आणि तिला वर उचलून धरलं.

"हलू नका, काकू," ती म्हणाली.