निशाणीच्या टिकल्या
टिकलीच्या गोंदाचा वास आला की मला मुलुंडची ती चाळ आठवते. पंच्याऐंशीची निवडणूक होती आणि आम्ही कॉलेजच्या मुली उमेदवाराची निशाणी छापलेली टिकल्यांची पाकिटं दारोदार बायकांना वाटत होतो. एका बाईने पाकीट घेऊन लगेच मोठी लाल टिकली लावली. "हे येतीलच आता कंपनीतून, त्यांना पण सांगते मत द्यायला," ती हसून म्हणाली. शेजारीण धावत आली. "तिला काय देताय गं? नवरा जाऊन वर्ष झालं, तिला पटतच नाही," म्हणत तिने टिकली हलकेच काढली. बाई लहान मुलीसारखी मान वर करून उभी राहिली, मग तिने पाकीट माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. 'राहू दे तुमच्याकडे' एवढं म्हणायला माझी जीभ का उचलली नाही, ते मला अजून कळत नाही.