बरकतपुऱ्यातून न लागणारा सर्व्हर

आमच्या मराठी मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. जात्यावरच्या ओव्या त्यांनी हौसेने गायल्या, पण रेकॉर्डिंगला नाव काही लावू देईनात. "ओवी काय माझ्या एकटीची हाय? नाव नक्को," असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी तोच हेका धरला. शेवटी शेकडो रेकॉर्डिंगं नुसत्या आकड्यांवर ठेवली. कोणती कुणाची, देव जाणे. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली, संगणकवाली. म्हणून इथल्या हिमायतनगर भागातल्या मंडळाच्या खोलीत मी एक सर्च सर्व्हर मांडून दिला. ओवीतला एखादा शब्द टाइप करायचा, की तो शब्द असलेल्या ओव्या समोर येतात.

त्या बायकांपैकी एक वारली. तिच्या तेराव्याला मी बरकतपुऱ्यातल्या तिच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले, कारण तिच्या लेकीने फोनवर तसं विनवलं होतं. आईचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता.

"माझ्यासमोर गायलीच नाही ना ताई कधी. मी ऑफिसला गेले की गायची म्हणे."

आईची ओवी ठाऊक होती ती नांदेडहून आलेल्या मावशीला. त्यांनाही एवढंच आठवत होतं, की त्यात लिंबाचं झाड आहे. त्यांची गाडी दुपारी काचीगुडा स्टेशनवरून सुटणार होती. बहिणीचा आवाज ऐकल्याशिवाय त्या पिशवीला हात लावत नव्हत्या.

मी 'लिंब' टाइप केलं. सर्व्हर लागला, असं पडद्यावर आलं आणि पुढच्याच क्षणी तुटला. पत्ता तपासला, पासवर्ड तपासला, पोर्ट तपासलं, सगळं बरोबर. पुन्हा तेच. अजिबात न लागणाऱ्या सर्व्हरचा मला राग येत नाही, लागून तुटणाऱ्याचा येतो. मंडळाच्या खोलीत जाऊन बसावं, तर किल्ली चिटणीसांकडे आणि ते गावाला गेलेले. बाहेर पंगत उठत होती. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"राहू द्या ताई, परेशान नका होऊ," लेक म्हणाली. तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

मग मी लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंद, उघडून सावकाश वाचला. लॅपटॉपवरचा माझा प्रोग्राम सर्व्हरपर्यंत नीट पोचत होता. पोचल्यावर तो सर्व्हरलाच विचारत होता, तुझा पत्ता सांग. आणि सर्व्हर त्याला खोलीच्या आतला पत्ता देत होता, जो बाहेरच्याला उपयोगाचा नाही. मारुतीच्या देवळासमोरचं घर म्हणून सांगावं, तसा. गल्लीतल्यांना तेवढं पुरतं, परगावच्या माणसाने काय करावं? मंडळात आम्ही सगळ्याजणी एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती बसून हे सगळं तपासलं होतं. तिथे ते बिनतक्रार चालायचं. बाहेरून कुणी कधी विचारेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पत्ता विचारण्याची ती सेटिंग मी बंद केली. मी दिलेल्या पत्त्यावरच राहा, एवढंच प्रोग्रामला सांगितलं. पुन्हा 'लिंब' टाइप केलं.

सात-आठ ओव्या आल्या. मी एकेक लावत गेले. चौथीला मावशींनी माझं मनगट धरलं.

*लेकीच्या वाटंवर लिंब लाविला मी बाई,*
*सावली तिला राहो, ऊन सोसायला आई.*

आवाज थकलेला होता, पण कुठे अडखळला नाही. मावशींनी तोंडाला पदर लावला. लेक भिंतीला टेकून उभी होती. तिला रडू येत नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं. ओवी संपली. मी बंद करायला हात पुढे केला, तर लॅपटॉपमधून पुन्हा तोच आवाज आला. आम्ही फक्त ओव्यांचे शब्द टाइप केले होते. त्यापुढचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं.

"झालं का बाई? बंद करा आता. पोरगी यायची येळ झाली. भुकेली येती, अन् मी दिसले नाही तर जेवतच नाही."

सकाळपासून आल्यागेल्याला वाढणारी ती पोरगी अजून उपाशी होती. मावशी उठल्या, स्वयंपाकघरातून ताट वाढून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती खाली बसली, पहिला घास तोंडात घातला, आणि मग रडली.