घाटासाठी घेतलेले वायपर

लेक बाळंतपणाला टेकलेली, बर्फाच्या घाटापलीकडे. मी आणि बायको गाडीने निघणार होतो. अमेरिकेतल्या रेडमंड गावात, गाडीच्या सामानाच्या दुकानात मी नेहमीचेच वायपर उचलले. आमचं मराठी ऐकून तिथे कामाला असलेली लाल टोपीतली एक पोरगी जवळ आली. माझ्या वायपरच्या सांध्यांवर तिने नखाने टकटक केलं.

"काका, विंटरमध्ये या सांध्यांत बर्फ जॅम होतो. हे रबरात गुंडाळलेले घ्या."

"पोरी, मी जन्मभर ट्रक चालवलाय."

"चालवाल हो! पण समोरचं दिसलं तर ना?"

हसत हसत तिनेच ते रबरवाले गाडीला लावून दिले. ताठ्यापायी मी तिचं नावही विचारलं नाही.

घाटात बर्फ कोसळत होता, काच मात्र लख्ख. माझ्या गाडीत कधी डोळा न मिटणारी बायको चक्क घोरायला लागली.