शकुमावशीने शब्द टाकला नाही

शकु पानसेच्या घरी बंदूक आहे, हे मराठी मंडळात कुणाला नव्याने कळलं की तो माणूस आधी हसतो आणि मग तिला नीट न्याहाळतो. जेमतेम पाच फूट उंची, जाड चष्मा, हातात कोथिंबीरवड्यांचा डबा. चेष्टा करताय ना, असं विचारल्यावर ती म्हणते, "नाही हो. पॉइंट टू-टू रायफल आहे. वडी घ्या."

पुण्यात कॉलेजात असताना ती एनसीसीत नेमबाजी शिकली होती. पुढे लग्न, मुलगी, नोकरी या रगाड्यात ते सगळं मागे पडलं. नवरा रमण इंजिनीअर. त्याच्याबरोबर ती ऑकलंडला आली, न्यू लिनला घर घेतलं. मुलगी शिकायला वेलिंग्टनला गेली आणि संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, तेव्हा शकुने एक दिवस जवळच्या रायफल क्लबचं दार ठोठावलं. रीतसर लायसन्स काढलं. पोटावर झोपून कागदाच्या लक्ष्यावर नेम धरायची, प्राणिमात्राला कधी इजा केली नाही. आणि अंगात मास्तरकी मुरलेली असल्यामुळे दोन-तीन वर्षांत ती शनिवारी एका हॉलमध्ये लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्यांना बंदुकीची सुरक्षितता शिकवायलाही लागली. फुकट, अर्थात.

तिच्या वर्गात शेतकरी यायचे, शिकारी यायचे, एकदा तर एक नव्वदीचे आजोबा आले होते. सगळ्यांना ती पहिला नियम सारखाच घोटवून घ्यायची: हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. कुणी 'रिकामीच होती' म्हणालं की तिचा पारा चढायचा. ती सांगायची, "रिकामीच होती म्हणणारी माणसं कोर्टात भेटतात, नाहीतर स्मशानात." इंग्रजीत हे वाक्य जरा बोबडं व्हायचं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून ते पोचल्याचं कळायचं.

आता वरुणचं सांगायला हवं. २०१२ साली साताऱ्याहून शिकायला आलेला हा पोरगा शकुच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आला. पहिल्याच आठवड्यात तापाने फणफणला. शकुने रात्र रात्र उशाशी बसून त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि तेव्हापासून ती त्याची मावशी झाली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते या दोघांकडे बघून पटावं. पोरगा हुशार, कामसू, माणसांचा लोभी. फक्त राग आला की त्याचं भान सुटायचं. २०१५ च्या वर्ल्ड कपात भारत सेमीफायनल हरला तेव्हा त्याने खोलीच्या भिंतीवर अशी मूठ हाणली की भिंतीला भोक पडलं. इथल्या भिंती आपल्याकडच्यासारख्या विटांच्या नसतात. आत लाकडी सांगाडा, वरून 'जिब' म्हणतात तो प्लास्टरचा पातळ बोर्ड. रमण चिडला. शकुने त्याला गप्प केलं. "जाऊ दे रे. रागीट आहे, पण मनात काही नसतं त्याच्या." दुसऱ्या दिवशी तिने त्या भोकावर गणपतीचं कॅलेंडर टांगलं. दर जानेवारीत नवं कॅलेंडर, खिळा तोच.

पुढे वरुणला माउंट वेलिंग्टनमध्ये आयटीत नोकरी लागली, साताऱ्याला जाऊन तो जुईशी लग्न करून आला आणि दोघं फ्लॅट बुशला राहायला गेली. रविवारी जेवायला मात्र न्यू लिनलाच. अशाच एका रविवारी, २०१७ च्या मार्चमध्ये, त्याने श्रीखंड ओरपता ओरपता जाहीर केलं की त्यानेही लायसन्सचा अर्ज टाकला आहे.

"ऑफिसमधले सगळे रानटी शेळ्या मारायला फार्मवर जातात गं मावशी. हीप्स ऑफ फन. मी एकटाच मागे राहतो. कोर्स केला, टेस्ट पास झालो, एकही प्रश्न चुकला नाही. दोन रेफरी लागतात, म्हणजे माझ्याबद्दल खात्री देणारी माणसं. घरातली जुई. आणि बाहेरचं, मला चांगलं ओळखणारं कोण? तुझं नाव दिलंय. पोलिसांची बाई येईल, गोड बोल."

शकुचा वाढायचा हात थांबला. विचारायची रीत त्याला सुचलीही नव्हती, आणि का सुचावी? आपल्यात मावशीला विचारून का कुणी शब्द टाकायला सांगतं? पण तिच्या डोळ्यांपुढे क्लबातली एक संध्याकाळ आली. तिनेच त्याला हौसेने नेलं होतं. कुणीतरी हाक मारली म्हणून हा पठ्ठ्या रायफल हातात घेऊन गर्रकन मागे वळला आणि नळी एका म्हातारीच्या छातीवरून फिरली. सगळे ओरडले तेव्हा हसत म्हणाला, "सॉरी, सॉरी, रिकामीच होती."

"माझं नाव काढ," शकु म्हणाली.

"म्हणजे?"

"मला विचारलं तर मी खरं सांगणार. हातात बंदूक असताना तुझं लक्ष नसतं, आणि राग आला की तू तुझा राहत नाहीस. लायसन्स नको असं नाही म्हणत मी. आत्ता नको."

वरुणला आधी गंमत वाटली. मग त्याचं बिनसलं. "मी टॅक्स भरतो, पीआर आहे माझा, कायमचा रहिवासी आहे मी, टेस्ट पास आहे. माझा हक्क आहे तो."

"इथे तो हक्क नाही रे. ओळखीपाळखीच्या माणसांनी तुझ्यावर विश्वास टाकायचा, मग तुझ्या हातात ती वस्तू येते. मला माझी रायफल तशीच मिळाली. रमणला विचारून, शेजारच्या बाईला विचारून."

"सांग मग काय सांगायचं ते," वरुण हसून म्हणाला. "तू माझं वाईट सांगशील? तू?" आणि त्याने नाव काही काढलं नाही. जुई खाली मान घालून ताटातला भात चिवडत होती.

पंधरवडाभर शकुचं घरात कशात लक्ष नव्हतं. मंडळातल्या मृदुलाने फोन करून सुनावलं, "अगं, परक्या देशात आपल्या माणसासाठी एवढं नाही करायचं तर कुणासाठी करायचं?" रमणही म्हणाला, "शकु, दोन गोड वाक्यं बोलून मोकळी हो. पोरगा तुटेल." तिला ते कळत होतं, म्हणून तर झोप उडाली होती. तो तुटला तर रविवार कसा जाईल हा विचार तिला खरोखर सोसवत नव्हता. पण भीड ही भिकेची बहीण. आजवर लोकाच्या पोरांना हॉलमध्ये उभं करून नियम शिकवले आणि आपल्या पोराच्या वेळी जीभ अडखळली, तर शनिवारी कुठल्या तोंडाने उभी राहणार होती ती?

पोलिसांतर्फे आलेली कॅरल ही साठीची, शांत बाई होती. चहा घेतला, चिवड्याचं कौतुक केलं आणि मग विचारलं, या माणसाच्या हाती बंदूक असली तर तुम्हाला काळजी वाटेल का?

शकु उठली. कॅरलला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. भोक होतं तिथेच होतं, मुठीएवढं, कडेने जिबचा चुरा निघालेलं. मग तिने क्लबातली गोष्टही सांगितली. तो वाईट नाही, हेही तिने दोनदा सांगितलं. सांगताना रडली, पण एक शब्द मागे घेतला नाही. कॅरल गेल्यावर कॅलेंडर तिने परत टांगलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. वरुणला कुणी नाव सांगायच्या आत शकुनेच फोन केला. "मी सांगितलं. मला जे दिसलं ते सांगितलं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला. संध्याकाळी जुईचा फोन. "मावशी, तुम्हाला आई मानत होता तो. असं कसं केलंत?" त्यानंतर रविवारी फ्लॅट बुशहून कुणी आलं नाही. जुईचं डोहाळजेवण झालं, त्याचे फोटो शकुने दुसऱ्यांच्या फोनवर पाहिले. हिरवी साडी तिने आधीच आणून ठेवली होती. कपाट उघडलं की ती दिसायची, म्हणून सुटकेसमध्ये टाकली. पण शनिवारचा वर्ग तिने एकदाही चुकवला नाही.

मुलगी झाली, इरावती नाव ठेवलं, हेही तिला मंडळातच कळलं. आणि इरावती चार महिन्यांची असताना, एका मंगळवारी भर दुपारी, जुई बाळाला घेऊन दारात उभी राहिली. शकुने काही न विचारता बाळ घेतलं.

"मावशी, मलाही विचारलं होतं त्या बाईंनी," जुई म्हणाली. "तुमच्या आधी. मी म्हटलं, ऑल गुड. घरातलं बाहेर कसं सांगायचं?"

शकुने सरळच विचारलं, "हात उचलतो तुझ्यावर?"

"नाही. वस्तू फेकतो. भिंतीवर..." ती थांबली. "आमच्या बेडरूममध्ये लग्नाचा फोटो खूप खाली लावलाय. तुमच्या कधी लक्षात आलं होतं?"

आलं होतं. शकुला वाटलं होतं, पोरांना फोटो लावायची अक्कल नाही. आता तिला मागच्या खोलीतला खिळा आठवला. ती झाकाझाक या पोरांनी तिच्याच घरी पाहिली होती.

"तुम्ही नाही म्हणालात, त्या रात्री मला शांत झोप लागली," जुई म्हणाली. "तरी मीच फोन करून तुम्हाला बोलले, आणि दुसऱ्यांदा फोन करून सॉरी म्हणायची हिंमत नाही झाली."

शकुने बाळाला खांद्यावर घेतलं. "तो पुन्हा अर्ज करेल. तेव्हा माझं नाव देणार नाही. तुझं मात्र त्याला द्यावंच लागेल."

जुईने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग तिने विचारलं, तुमचा तो शनिवारचा वर्ग कुणालाही चालतो का?

ती आली. बाळ रमणच्या मांडीवर, आणि जुई पहिल्या रांगेत. जन्मात बंदुकीला हात न लावलेली पोरगी, पण बोल्ट उघडून आत गोळी नाही ना हे बघायची, बोट घालून तपासायची आणि मगच मान हलवायची. आपण नेमकं कशाला होकार दिला होता हे तिला समजून घ्यायचं होतं, असं ती म्हणाली.

२०१८ च्या हिवाळ्यात, वर्ग संपवून शकु खुर्च्या रचत असताना फोन वाजला. स्क्रीनवर वरुणचं नाव. सव्वा वर्षाने.

"मावशी." आवाज बसलेला होता. "मी पुन्हा अप्लाय केलं होतं. ऑफिसातला मित्र छान बोलला माझ्याबद्दल. जुईने नको म्हणून सांगितलं. मला आधी सांगून. म्हणाली, तू इराला घेऊन पार्कात जा, मी खरं सांगणार आहे."

"बरं."

"मी ओरडलो नाही गं. पार्कात गेलो. तिथे बसलो." मागे बाळाची बडबड ऐकू येत होती. "ती मला घाबरते का?"

उत्तर शकुच्या जिभेवर तयार होतं. नाही रे बाळा, तुझ्या मनात काही नसतं. इतकी वर्षं तेच म्हणत आली होती ती. आत्ता तर तेच म्हणावंसं वाटत होतं, कारण पोरगा फोनवर होता, परत आला होता, आणि एका शब्दाने पुन्हा जाऊ शकत होता.

"हो," ती म्हणाली. "घाबरते. भोक पाडलंस त्या दिवशी मीही घाबरले होते. पण मी कॅलेंडर लावलं."

तो रडतोय हे तिला कळलं. तिने त्याला रडू दिलं.

"उद्या येऊ?" त्याने शेवटी विचारलं.

"या, तिघंही या. येताना जिबचा तुकडा आणि पुट्टी घेऊन ये," शकुमावशी म्हणाली. "उद्या माझी भिंत भर, परवा तुझी. फोटो आज रात्रीच खाली काढ."